चॅडलोंच्या चोवीस ताटल्या

चॅडलो अँड सन्स या आमच्या कारखान्याचा शंभर वर्षांचा इतिहास छापलेला आहे. लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आत मालकांचा फोटो. लिहिणारे गृहस्थ शाळामास्तर होते. त्यांनी कारखान्यात पाऊल टाकलं दोनदा, आणि दुसऱ्यांदा टाकलं ते विसरलेली छत्री न्यायला. आता ते पुस्तक शोधूनही सापडायचं नाही, कारण मालकांनी सगळे गठ्ठे आपल्याच भट्टीत घातले. एक प्रत तेवढी माझ्याकडे आहे. तिच्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिलंय, 'आमच्या झिलईघरात शिशाच्या विषाने आजवर एकही माणूस दगावलेला नाही.' हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आजही जाते.

म्हणून आता माझ्याकडूनही ऐका. मी केटुरा ब्लूर. इंग्लंडातल्या लाँग्टन या भांड्यांच्या गावात जन्मले, इथल्याच धुरात वाढले आणि सदतीस वर्षं चॅडलोंच्या भांड्यांच्या काठांना सोनं चढवलं.

पहिला चॅडलो, एरन, लोण्याची तपकिरी मडकी करायचा आणि गाढवावर लादून बाजाराला न्यायचा. पुस्तकात त्याला 'द्रष्टा कलावंत' म्हटलंय. माझी आजी सांगायची की द्रष्ट्याची मडकी इतकी वाकडी असत की ती उभी राहावीत म्हणून खाली खडा सरकवावा लागे. त्याच्या मुलानं मातीत बैलांच्या हाडांची राख मिसळली, आणि आरपार उजेड दिसेल अशी पांढरीशुभ्र चिनी भांडी करायला सुरुवात केली. तेव्हापासून घराण्याचं नाक वर गेलं ते खाली आलंच नाही. नातवानं चार मोठ्या भट्ट्या बांधल्या. पणतू म्हणजे आमचे राल्फमालक. त्यांनी काय बांधलं? टेकडीवर धुराच्या वर एक बंगला बांधला, आणि आम्हांला खाली ठेवलं.

पण मालकांना काम कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नजर घारीची होती. आमच्याकडे रीत अशी, की भांड्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो, मुकुट आणि त्याखाली चॅडलो अँड सन्स. आणि त्या शिक्क्याखाली ज्यानं त्यानं आपापली बारीक खूण करायची. माझी खूण दोन ठिपके आणि मध्ये आडवी रेघ. भांड्यात खोट निघाली की मालक ते घेऊन स्वतः खोलीत यायचे, सगळ्यांसमोर पालथं करायचे आणि म्हणायचे, "खूण बघा, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं." मग ज्याची खूण त्याच्या पायाशी ते भांडं आपटून फोडायचे. तुकडे आपले आपण गोळा करायचे. माझ्या पायाशी सदतीस वर्षांत दोनदाच फुटलं, आणि दोन्ही वेळा मालकांचं बरोबर होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते कामात कच्ची होते म्हणून केलं असं कुणी म्हणायला नको.

माझी धाकटी बहीण थर्झा. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे तिला मीच न्हाऊमाखू घातलं, आणि मीच तिला चॅडलोंच्या झिलईघरात लावलं. सोनं चढवायच्या खोलीत जागा नव्हती, झिलईघरात मात्र मुली कधीही लागत. का लागत, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी मालकांना जितके शिव्याशाप दिले तितकेच स्वतःलाही दिलेत.

झिलईघरात एकदा भाजलेलं भांडं पांढऱ्या पातळ झिलईच्या पिंपात बुडवायचं, बाहेर काढून मनगटाला झटका द्यायचा आणि फळीवर ठेवायचं. दिवसभर हेच. भांड्याला जी चकाकी येते ती या झिलईची, आणि झिलईत असतो सफेदा, म्हणजे शिसं. ओली झिलई कोपरापर्यंत चढते, वाळली की उडते, केसांत बसते, श्वासातून जाते. अठरा बायका आणि हात धुवायला एक बादली. सकाळी भरलेली बादली दुपारपर्यंत पिंपाइतकीच पांढरी. त्यात हात धुणं म्हणजे पुन्हा झिलईत बुडवणं.

थर्झा हुशार. ती ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची पोळी, कागदात गुंडाळून आणायची आणि कागदानंच धरून खायची, बोट लागू द्यायची नाही. बाकीच्या तिला चिडवायच्या.

"आल्या बघा राणीसाहेब! हातमोजे कुठे विसरलात?"

"हसा गं हसा," ती म्हणायची. "तुमचे दात पडले की मी हसेन."

तिसऱ्या वर्षी तिच्या हिरड्यांवर निळी रेघ दिसली. शिसं अंगात मुरलं की अशी रेघ उमटते, आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. मग पोटात कळा. मग मनगटं लुळी पडली. कप उचलता येईना, मी तोंडाशी धरायची. आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी, भर उजेडात, ती म्हणाली, "केटी, दिवा लाव ना." मी खिडकीचा पडदा बाजूला केला. ती पुन्हा म्हणाली, "लाव ना गं." त्याच संध्याकाळी झटके आले आणि ती गेली. बावीस वर्षांची होती.

तिच्या मृत्यूची चौकशी नाक्यावरच्या गुत्त्याच्या माडीवर झाली, आमच्याकडे तिथेच होते. कारखान्याचे डॉक्टर प्रिंगल म्हणाले की मुलगी मुळातच अशक्त होती आणि तिला फेफरं यायचं. राल्फमालक हातात टोपी धरून उभे राहिले. मी त्यांचा शब्द न् शब्द सांगू शकते. "बाई हात न धुता जेवत असे. कारखान्याने पाणी दिले होते. दोष तिचाच."

मी उठले. "तिचं तोंड उघडून बघा! हिरडी बघा! निळी रेघ आहे, ती कुणाची खूण आहे ते विचारा त्यांना!"

"खाली बसा बाई," अधिकारी म्हणाले.

"बसणार नाही! फुटक्या कपाची खूण बघता ना तुम्ही मालक? मग माझ्या बहिणीची बघा!"

दोघांनी मला धरून जिना उतरवला. कागदावर लिहिलं गेलं, स्वतःच्या निष्काळजीपणाने मृत्यू. थर्झा, जी ओटकेकसुद्धा कागदानं धरायची! त्या जिन्यात मी ठरवलं. हा दोष तिच्या नावावरून मी उतरवीन आणि ज्याचा आहे त्याच्या ताटात वाढीन. कसं ते माहीत नव्हतं. कधी तेही नाही.

मला कामावरून काढलं नाही. मालकांना माझा हात हवा होता. वर्षभरानं टेकडीवरचा बंगला पूर्ण झाला आणि मालकांनी स्वतःसाठी चोवीस ताटल्यांचा संच करायला घेतला. गर्द निळी फुलं, बाहेर अंगठ्याएवढा रुंद सोन्याचा काठ. तेवीस ताटल्या सारख्या, चोविसावी मालकांची, तिच्यावर घराण्याचं चिन्ह. मालक माझ्या बाकाशी आले.

"केटुरा, हा काठ तूच करायचास. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तुझ्या हाताला तोड नाही."

सांगायला लाज वाटते, पण त्या शब्दांनी मला क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून माझा राग दुप्पट झाला. त्या रागातच मला सुचलं.

सोनं भांड्याच्या अंगात मुरत नाही. ते वर बसतं. धुवून, पुसून, वर्षानुवर्षं वापरून झिजतं. पण त्याच्याखाली आधी भाजून पक्का केलेला रंग असेल तर तो जात नाही. मग सोन्याच्या खाली काही लिहिलं, ते भाजलं, आणि त्यावर सोनं चढवलं तर? आज कुणाला दिसणार नाही. पण ज्या दिवशी सोनं झिजेल त्या दिवशी दिसेल, मालकांच्याच टेबलावर.

एकटीचं काम नव्हतं. लिहिलेल्या ताटल्या भट्टीतून काढायला आपला माणूस हवा. रंगाच्या भट्टीवर जेबेझ शेरट होता. त्याची बायको हॅना थर्झाच्या आधी दोन वर्षं गेली होती, त्याच झिलईघरातून. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला अंगणात गाठलं.

"जेबेझ, हॅनाच्या कागदावर काय लिहिलंय रे?"

त्यानं पाइप तोंडातून काढला. "दारू. आयुष्यात थेंब शिवली नाही ती, देवळात गाणारी बाई. का गं?"

मी सांगितलं. त्यानं पाइप बुटाच्या टाचेवर आपटून रिकामा केला.

"नोकरी जाईल, केटी. दोघांची."

"जाऊ दे."

"आणि सोनं झिजायला वर्षं लागतील. तोवर आपण राहू का?"

"मी राहीन," मी म्हटलं. "मी मरत नाही इतक्यात. तुझं काय ते तू बघ."

तो हसला, हॅना गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "भयंकर बाई आहेस तू. हॅना ई शेरट, वीस, नीट लिही. तो ई विसरू नकोस, म्हणजे एलिझा. तिला आवडायचं ते नाव."

"वीस काय?"

"वय गं. वीसची होती."

बाकीची नावं बायकांनीच दिली, का हवीत हे न विचारता. झिलईघरातून मातीत गेलेल्यांची नावं आमच्या गल्लीत प्रत्येकीला पाठ होती. तेविसाव्या नावाशी मी थांबले, ती संपली म्हणून नव्हे, ताटल्या संपल्या म्हणून. पातळ तांबड्या रंगात, बारीक कुंचल्यानं, काठावर एकेक नाव, वय, साल आणि पुढे 'झिलईघर. वारली' असं लिहिलं. चोविसाव्या ताटलीवर, घराण्याच्या चिन्हाखालून सुरू करून सगळ्या काठाला वळसा घालून लिहिलं. काय लिहिलं ते पुढे येईलच. जेबेझनं त्या भट्टीच्या मागच्या रांगेत ठेवल्या, स्वतःच काढल्या आणि गोणपाटाखाली माझ्याकडे आणून दिल्या. मी त्यावर सोन्याचे दोन हात दिले. भट्टीतून सोनं मातकट बाहेर येतं, मग अकिकाच्या घोटणीनं घोटून त्याला तेज आणावं लागतं. आठवडाभर मी घोटत होते. त्याहून चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नाही. मालकांनी एकेक ताटली उजेडाशी धरून पाहिली, पालथी करून माझी खूण पाहिली आणि म्हणाले, "शाब्बास."

आता माझी चूक ऐका, आणि हसा हवं तर. माझ्या घरी सहा ताटल्या होत्या आणि त्या रोज तीन वेळा धुतल्या जायच्या. मला वाटलं, पाच-सहा वर्षांत त्यांच्याही झिजतील. श्रीमंत लोक आपली चांगली भांडी काचेच्या कपाटात बंद करून ठेवतात, हे आयुष्यभर त्यांचीच भांडी घडवणाऱ्या माझ्या डोक्यातच आलं नाही! मालक तो संच वर्षातून एकदा काढायचे, नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाच्या मेजवानीला. बंगल्यावर काम करणाऱ्या मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा मी डोकं धरून बसले. या हिशेबानं सोनं झिजायला माझ्या नातवंडांची नातवंडं लागली असती, आणि मला तर मुलंही नव्हती.

मला वाचवलं ते मालकांच्या बडेजावानं. त्यांना बंगल्यावरच्या नोकरांचा भरवसा नव्हता. दुसऱ्या वर्षी मेजवानीच्या आधी संच पेंढ्यात बांधून कारखान्यात आला आणि निरोप आला, जिनं सोनं चढवलं तिनंच ते पुन्हा उजळून द्यावं.

आमच्याकडे सोनं उजळतात ते बारीक ओल्या वाळूनं, फडक्यात घेऊन हलकं घासून. जरा जास्त घासलं तर सोनं उजळतंही आणि उडतंही. मी जरा जास्त घासलं.

दरवर्षी घासलं. दर नोव्हेंबरला त्या चोवीस ताटल्या माझ्या बाकावर यायच्या, आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम थोडं थोडं खरवडून टाकायची. फडक्यावर सोन्याची पिवळट छटा दिसली की हात थांबायचा. मग थर्झाचं 'दिवा लाव ना' आठवायचं आणि हात पुन्हा चालायचा. नवव्या वर्षी जेबेझ म्हणाला, "केटी, पुरे झालं गं. मी म्हातारा झालो. मेलेली माणसं परत येत नाहीत."

"मला ती परत नकोयत," मी म्हटलं. "मला मालक हवाय. तुला नको असेल तर हॅनाचं नाव पुसून टाकते. सांग."

दुसऱ्या दिवशी त्यानं चाळणीतून गाळलेली, पिठासारखी बारीक वाळूची पिशवी माझ्या बाकावर आणून ठेवली.

मग कारखान्याची शंभरी आली. मालकांनी मोठी मेजवानी ठरवली, शाळामास्तरांकडून इतिहास लिहून घेतला आणि हुकूम काढला की कारखान्यातले सगळ्यात जुने सहा कामगार धुतलेले एप्रन घालून जेवणघराच्या भिंतीशी उभे राहतील. पाहुण्यांनी आमच्याकडे बघून घराण्याचं मोठेपण ओळखायचं, आणि शेवटी आम्हांला एकेक स्मरणाचा मग मिळायचा. त्या सहांत मी होते आणि जेबेझही होता. पुस्तकाची प्रत आम्हांला आदल्या आठवड्यातच मिळाली, आणि एकेचाळिसावं पान मी तेव्हाच वाचलं. आणखी एक वर्षही थांबायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

ताटल्या आल्या. अकरा वर्षांच्या घासण्यानं सोनं कांद्याच्या पापुद्र्याइतकं उरलं होतं. या वेळी मी हात राखला नाही, सगळं उतरवलं. एकेक नाव वर आलं, तांबडं, ठळक, काल लिहिल्यासारखं. मग मी पितळेची सोनेरी भुकटी साखरेच्या पाण्यात कालवली आणि काठांवर सपाट फासली. वाळल्यावर ती थेट सोन्यासारखी दिसते. जत्रेतली स्वस्त खेळणी अशीच रंगवतात. फक्त तिला ओला हात लागता कामा नये.

मेजवानी दुपारची होती. चोवीस माणसं, मधोमध डाळिंबं आणि द्राक्षं, प्रत्येकाच्या उजव्या हाताला लाल पुस्तक. टेबलाच्या टोकाला मालक, त्यांच्या शेजारी मोठ्या पाद्र्यांच्या आई, मिसेस पेनफोल्ड. ऐंशीच्या, कानानं ठार, त्यामुळे बोलायच्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. पलीकडे डॉक्टर प्रिंगल, आणि अगदी दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्राचा एक माणूस. आम्ही भिंतीशी. जेबेझ हातातली टोपी गोल गोल फिरवत होता.

"घाबरलास का?" मी पुटपुटले.

"भूक लागलीय," तो म्हणाला. "हंसाचा वास बघ ना."

भाजलेला हंस आला, त्यावर गरम रस्सा आला. नोकर वाढून गेले. रस्सा काठाकडे ओघळला, कुणी बोटानं काठ धरला, कुणी ताटली जवळ ओढली. थोड्या वेळानं मिसेस पेनफोल्ड यांनी आपलं बोट वर धरलं.

"राल्फ! अरे, तुझ्याकडचं सोनं हाताला लागतं!"

सगळे हसले. मालकही हसले. "चॅडलोंकडे जेवलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही, मॅडम."

"आणि खाली काहीतरी लिहिलंय रे! थांब." त्यांनी रुमालाचं टोक पाण्यात बुडवून काठ पुसला. "हॅना ई शेरट! वय वीस! गंमतच आहे. माझं नाव हॅना आहे आज. तुमचं काय हो डॉक्टर?"

जेबेझनं डोळे मिटले. टेबलभर रुमाल पाण्यात बुडले. लोकांना वाटलं शंभरीची काहीतरी युक्ती आहे, मालकांनी मुद्दाम केलेली.

"मी लेटिशिया फर्निहो, वय एकोणीस!" नगराध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून हशा पिकला.

"मी सेलिना कोप. सव्वीस."

"मी अॅन वुली, सतरा, अठराशे एक्याऐंशी. हे साल कसलं?"

"माझ्यावरही साल आहे. अठराशे ब्याऐंशी."

"माझ्या ताटलीवर पुढे लिहिलंय," एक तरुण बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरत गेला. "मार्था डीन, वय अठरा, झिलईघर. वारली."

हसू टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विझत गेलं. पुसणारे हात मात्र थांबेनात. आता कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं, आपापलं बघत होतं आणि शेजाऱ्याचं बघत होतं. डॉक्टर प्रिंगल यांनी आपली ताटली पुसलीच नाही. त्यांनी त्यावर रुमाल पसरला. वर्तमानपत्रवाल्यानं लाल पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

एकट्या मिसेस पेनफोल्ड यांना काही कळलं नव्हतं. त्या उत्साहानं मालकांच्या ताटलीकडे वाकल्या. "आणि यजमान कोण? बघू, बघू!"

"राहू द्या, मॅडम," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा कच्च्या भांड्यासारखा पांढरा पडला होता.

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल!" असं म्हणून त्यांनी ताटली स्वतःकडे ओढली, ओल्या रुमालानं गोल पुसली, चष्मा लावला आणि ताटली फिरवत फिरवत, त्या प्रचंड आवाजात, शब्द न् शब्द वाचला.

"थर्झा ब्लूर. वय बावीस. बाई हात न धुता जेवत असे. कारखान्याने पाणी दिले होते. दोष तिचाच. राल्फ चॅडलो."

बारा वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. मला वाटलं होतं की आनंदानं मी ओरडेन. तसं काही झालं नाही. मी फक्त थर्झाला मनात म्हटलं, ऐकलंस ना?

मालक उठले. त्यांनी भिंतीकडे, आम्हां सहाजणांकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडावरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"हे कुणाचं काम आहे?"

मी दोन पावलं पुढे गेले. "ताटली पालथी करा ना, मालक. खूण बघा, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं."

इतक्या वर्षांची सवय. रागाच्या भरात, काय करतोय हे न कळता, त्यांनी ताटली उचलली. हंस, रस्सा, सगळं पांढऱ्या चादरीवर सांडलं. त्यांनी ती सगळ्यांसमोर उजेडात पालथी धरली. माझे दोन ठिपके आणि रेघ खाली होतीच, तिळाएवढी. मिसेस पेनफोल्ड यांनी चष्मा सावरला, आणि बुडावर सगळ्यात मोठं जे होतं ते अख्ख्या जेवणघराला वाचून दाखवलं.

"चॅडलो अँड सन्स."